सावली तुझी, ऊन पॅनेलचं

अगं, कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचं नक्की झालं आणि तू पहिली खरेदी म्हणून सोलर पॅनेल बघत बसलीयस, हे कळल्यावर म्हटलं तुझ्याशी जरा बोलूनच घ्यावं. पॅनेल सगळ्यात शेवटी घे बाई. दुकानदार आधी पॅनेल दाखवतो, कारण ते चमकतं आणि त्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो. तुझं काम त्याच्या आधी सुरू होतं.

एक गोष्ट पटकन सांगून टाकते, म्हणजे मागे लागायला नको. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलंय. म्हणजे त्याची आरटीओत वेगळी नोंदणी आली. ‘मॅडम, कोण बघतंय’ म्हणणारा गॅरेजवाला भेटेलच, त्याचं ऐकू नकोस. आणि घरांच्या छतांसाठी २०२४ साली आलेली ‘सूर्य घर’ योजना आहे ना, तिचं अनुदान इथे मिळत नाही. ते वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या घरांसाठी आहे, चाकांवरच्या घरासाठी नाही.

आता वही घे आणि एका दिवसात काय काय चालणार ते लिही. दोन एलईडी दिवे चार तास, धर ४० वॉट-तास. बारा व्होल्टचा छोटा पंखा २५ वॉटचा, रात्रभर आठ तास, म्हणजे २००. दोघांचे फोन ४०, तुझा लॅपटॉप एकदा भरायला ६०. झाले ३४०. शंभर वॉटचं पॅनेल आपल्याकडच्या उघड्या उन्हात दिवसभरात साधारण पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकं काम करतं. त्यातून उष्णता, धूळ, वायर यांचा वाटा वजा कर, हातात ३५०च्या आसपास उरतात. म्हणजे शंभरात कसंबसं भागतं, म्हणून दोनशे वॉट घे. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज हवा असेल तर मे महिन्यात तो एकटाच चार-पाचशे खाईल. मग दोनशेही तंग होतात. तुला दूध आणि दही दोन दिवस टिकवायचंय, एवढ्यासाठी फ्रिज? बर्फाची पेटी ने.

इंडक्शन, हेअर ड्रायर, मिक्सर ही नावंच काढू नकोस. इंडक्शन दोन हजार वॉट मागतं. चहा गॅसवर, पाच किलोचा ‘छोटू’ त्यालाच आहे. चटण्या घरून वाटून ने. फक्त सिलिंडर आणि बॅटरी एका कप्प्यात ठेवू नकोस, कितीही जागा वाचत असली तरी.

इन्व्हर्टरचंही एक सांगते, हे कोणी सांगत नाही. त्याला काहीही न जोडता तो रात्रभर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॉट खात बसतो. सकाळपर्यंत तुझ्या दिव्यांच्या दुप्पट-तिप्पट वीज त्यानेच संपवलेली असते. म्हणून दिवे, पंखा, फोन सगळं थेट बारा व्होल्टवर घे. इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता लाव आणि काम झालं की बंद कर.

बॅटरीवरून तुमच्याकडे वाद होणार. ‘घरी इन्व्हर्टरची ट्युब्युलर पडून आहे, तीच टाकू,’ असं भावोजी म्हणतीलच. लोडशेडिंगच्या काळात पुण्यातल्या निम्म्या घरांनी घेतलेल्या त्या बॅटऱ्या, पन्नास-साठ किलोच्या. त्या घरात एका कोपऱ्यात बसण्यासाठीच केलेल्या असतात. चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि निम्म्याच्या खाली उतरवल्या की आयुष्य घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर ॲम्पिअर-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि तिच्यातलं ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतं. म्हणजे हजारभर वॉट-तास. वरच्या हिशोबात तीन रात्री. महाग आहे, खरं आहे. पण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे कर, पॅनेलच्या ब्रँडवर नको. एवढंच बघ की मे महिन्यात बंद ट्रेलरच्या आत ती भाजून निघत नाही ना. हवा खेळेल अशा बाजूला बसव.

आता मुख्य गोष्ट. सगळे पॅनेल ट्रेलरच्या टपावर चिकटवतात. परदेशातले फोटो बघून आपल्यालाही तेच बरं वाटतं. तिकडे थंडी असते, गाडी उन्हात उभी केलेली त्यांना आवडते. आपलं उलट आहे. पवनेच्या काठावर किंवा पानशेतकडे एप्रिलमध्ये गेलीस की तू पहिल्यांदा झाड शोधणार. आंब्याखाली ट्रेलर लावलास की तू खूश, पॅनेल उपाशी. आणि अर्धवट सावली पूर्ण सावलीइतकीच वाईट. पॅनेलमधले सेल एका रांगेत जोडलेले असतात, एका फांदीची सावली दोन सेलवर पडली तरी त्या अख्ख्या रांगेची वीज बसते. त्यात टपाला चिकटलेलं पॅनेल तापतं. पंचविसाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन जातं. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की पंधरा-सोळा टक्के गेलेच.

म्हणून घडीचं किंवा सुटं पॅनेल घे, आणि दहा मीटर वायर. ट्रेलर झाडाखाली, पॅनेल बाहेर उन्हात, मागून हवा लागेल असं टेकवून. शंभर वॉटची दोन घेतलीस तर सिरीजमध्ये जोड, म्हणजे करंट निम्मा होतो आणि लांब वायरमध्ये वीज कमी वाया जाते. त्यासाठी पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच हवा आणि तो बॅटरीजवळ हवा, पॅनेलजवळ नाही. त्रास आहेच. माकडं येतात, गुरं येतात, पोरं वायरला अडखळतात. सकाळी, दुपारी, चहाच्या वेळी उठून तोंड फिरवावं लागतं. मला तो त्रास टपावरच्या भट्टीपेक्षा परवडतो.

तोंड कुठे करायचं? पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत पॅनेल सरळ आडवं ठेव. डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. तेव्हा आडवं ठेवलंस तर भर दुपारीही पाव भाग वीज हरवतेस. दक्षिणेकडे चांगलं चाळीस अंश उभं कर.

सामानासाठी तापकीर गल्लीत जा, पण शनिवारी संध्याकाळी नको. ‘सोलर वायर’च माग, चार चौरस मिलिमीटरची. साधी घरगुती वायर उन्हात तडकते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच फ्यूज घाल. दुकानदार ‘लागत नाही’ म्हणाला तर दुकान बदल. जुन्या बाजारात वापरलेलं पॅनेल स्वस्तात दिसेल, ते मल्टिमीटरने उन्हात मोजल्याशिवाय घेऊ नकोस. व्होल्टेज बरोबर दाखवून करंट निम्मा देणारी पॅनेलं असतात.

आणि जुलैत ताम्हिणीला जायचं असेल तर हे सगळं विसर. दाट ढगात पॅनेल जेमतेम दहा-वीस टक्के देतं, मुसळधार पावसात तेही नाही. तेव्हा गाडीच्या इंजिनावरून बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर कामाला येतो. वीस ॲम्पिअरचा असेल तर दीड तासाच्या ड्राइव्हमध्ये एका रात्रीची वीज सहज भरते. मोबाइलला रेंज नसलेल्या जागी मुलांच्या सिनेमासाठी बॅटरी शून्यावर आणायची नाही, फोनपुरती शिल्लक कायम ठेवायची, एवढं मात्र घरात सगळ्यांना बजाव.

बाकी निघायच्या आदल्या रात्री बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण भरून घे, दीड युनिटसुद्धा लागत नाही. फक्त वायर तुमच्याच फ्लॅटमधून सोड. पार्किंगमधल्या कॉमन प्लगला लावलीस, तर पुढच्या जनरल बॉडीत पहिला विषय तुमचा ट्रेलरच असेल.