शंभर पिक्सेलांचा सूर्य

घर बांधून होण्याआधी ते कसं दिसेल, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येईल, हे रेंडर करून दाखवणं हा माझा व्यवसाय. त्यासाठी आभाळाचे ३६० अंशांतले एचडीआर फोटो लागतात. कमी-जास्त एक्स्पोजरचे शॉट्स जोडून ते मी स्वतः तयार करतो. असे चाळीस फोटो रेडियन्सच्या एचडीआर फॉरमॅटमध्ये साठले होते. सगळे ओपनईएक्सआरमध्ये न्यायचे म्हणून टर्मिनलवर चार ओळींचा लूप लिहिला आणि रात्री चालू करून झोपलो. सकाळी एकही एरर नव्हता. तीन-चार फाइली उघडल्या, जुन्यांसारख्याच दिसल्या. डिस्क भरत आली होती, म्हणून जुन्या फाइली पुसून टाकल्या.

पुढच्या आठवड्यात एका वाड्याच्या दुरुस्तीचं काम आलं. ओसरीला लाकडी जाळी होती आणि तिची नक्षी फरशीवर उन्हात उमटायला हवी होती. उमटला तो नुसता करडा डाग. दिवसभर मी मॉडेल, मटेरियल, सॅम्पल तपासत बसलो. शेवटी आभाळाच्या फाइलीचं एक्स्पोजर आठ स्टॉप खाली आणलं. धड असलेल्या एचडीआरमध्ये अशा वेळी आभाळ काळं पडतं आणि सूर्याचा ठिपका तसाच जळत राहतो. इथे सूर्य आणि शेजारचा ढग, दोन्ही एकाच राखाडी रंगाचे झाले होते.

मी वापरलेलं टूल सगळा हिशेब १६ बिटांच्या पूर्णांकात करत होतं. पांढरा म्हणजे १, आणि त्याच्या वरचं सगळं छाटलेलं. स्क्रीनही पांढऱ्यापुढे काही दाखवत नाही, त्यामुळे डोळ्यांना फरक कळणारच नव्हता. सूर्य आभाळात जेमतेम अर्धा अंश रुंद. ८१९२ बाय ४०९६ च्या फोटोत तो साधारण शंभर पिक्सेलांत मावतो. बाकीचे सव्वातीन कोटींहून जास्त पिक्सेल जसेच्या तसे असले, तरी सावली पाडणारा उजेड त्या शंभरांतच असतो. चाळीसपैकी एकतीस फोटोंचे मूळ रॉ शॉट्स सापडले, ते मी पुन्हा जोडले. नऊ कायमचे गेले. त्यांतला एक भावाच्या गच्चीवरून काढलेला होता, पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळचा. त्या गच्चीसमोर आता मोठी इमारत उभी आहे.

म्हणून सांगतो, इमेजमॅजिक वापरत असाल तर आधी त्याची व्हर्जन विचारा आणि उत्तरात ‘एचडीआरआय’ हा शब्द आहे का ते बघा. सातव्या आवृत्तीत ती सोय मुळातच चालू असते, सहावीत बहुधा नसते. मी आता ओपनइमेजआयओचं ओआयआयओटूल वापरतो. त्याला ‘स्टॅट्स’ हा पर्याय दिला की प्रत्येक चॅनलची किमान, कमाल आणि सरासरी किंमत मिळते. उन्हाच्या फोटोत कमाल किंमत नेमकी १ दिसली, तर तिथेच थांबा.

दुसरा खड्डा आहे हाफ फ्लोटचा. ईएक्सआरमध्ये तो सर्रास वापरतात, जागाही निम्मी लागते, पण त्याची मर्यादा ६५५०४. भर दुपारचा सूर्य याच्या वर जाऊ शकतो. मग तिथे इन्फिनिटी लिहिली जाते आणि रेंडरमध्ये काळे-पांढरे ठिपके उठतात. सूर्य असलेल्या फोटोंना मी पूर्ण ३२ बिटांचा फ्लोटच ठेवतो. कॉम्प्रेशन झिप किंवा पिझ निवडा, त्यांत काही हरवत नाही. डीडब्ल्यूएएने फाइल खूप लहान होते, पण किमती थोड्या बदलतात. मूळ प्रत त्यात ठेवू नये.

रेडियन्स फाइलीच्या हेडरमध्ये कधी कधी ‘एक्स्पोजर’ अशी एक ओळ असते. खरी किंमत हवी असेल तर पिक्सेलला त्या आकड्याने भागावं लागतं, आणि सगळी टूल्स ते करत नाहीत. अख्खा फोटो एकाच पटीने उजळ किंवा काळा आला, तर आधी ही ओळ शोधा. उलट दिशेने, ईएक्सआरमधून रेडियन्समध्ये जाताना तिन्ही रंगांना मिळून एकच घातांक मिळतो. बारकावे घटतात आणि ऋण किमती शून्य होतात.

माझा लूप आता प्रत्येक फाइलीची आधीची आणि नंतरची कमाल किंमत एका टेक्स्ट फाइलीत शेजारी-शेजारी लिहितो. पुसण्याची कमांड त्यात नाही. ती मी दुसऱ्या दिवशी, ते आकडे वाचून झाल्यावर, हाताने देतो.