केबलचा हिशेब आधी

केळशी

चि. सोनूस,


तुझ्या आरओव्हीचा, म्हणजे केबलने चालणाऱ्या पाण्याखालच्या यंत्राचा, अहवाल वाचला. फ्रेम सुबक झाली आहे. पण यंत्राच्या आकारावर पानंच्या पानं आणि केबलवर जेमतेम दोन ओळी, हे मला पटलं नाही.

वहीत मांडून बघ. समोरून ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच यंत्र, प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर, रोधगुणांक १. रेटा सव्वा किलोच्या आतबाहेर. आता १० मिलिमीटर जाडीची १०० मीटर केबल त्याच प्रवाहाला आडवी धर, रोधगुणांक १.२. रेटा पंधरा-सोळा किलो! वेग दुप्पट झाला की दोन्ही चौपट. थ्रस्टर तू यंत्र बघून निवडलेस, झुंजायचंय त्यांना केबलशी.

चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेचं ‘रोसब ६०००’ हे आरओव्ही २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेलं. त्याच्यासोबत केबल सांभाळणारं वेगळं युनिट होतं. जहाजापासूनच्या जाड केबलचा भार त्या युनिटवर, यंत्राच्या वाट्याला फक्त पुढची हलकी केबल. गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेची ‘माया’ केबलशिवाय पळते, म्हणून तिला निमुळतं अंग हवं. तुझ्या यंत्राला एका जागी ठरून काम करायचंय. निमुळतेपणाचा हट्ट सोड. फोम वर, जड डबे तळाशी, आणि दोहोंत अंतर चांगलं ठेव.

दुसरी गोष्ट जोडवस्तुमानाची. यंत्राला वेग द्यायचा तर भोवतालचं पाणीही हलवावं लागतं. बुडालेल्या गोळ्याला त्याने सारलेल्या पाण्याच्या निम्मं वस्तुमान जादा धरायचं, लांब नळी आडवी ढकलली तर पूर्ण. तुझ्या उघड्या फ्रेमसाठी असं तयार सूत्र नाही, आणि संगणकावरच्या रंगीत चित्रातला आकडा टाकीत पडताळल्याशिवाय मॉडेलमध्ये घालू नकोस. एका कडेला १०० ग्रॅमचं वजन लावून यंत्र किती कलतं ते मोज. मग वजन काढ, हाताने कलतं करून सोड आणि व्हिडिओ घे. एका डोलण्याला किती वेळ लागतो त्यावरून पाण्यासकटचं जडत्व निघेल, डोलणं किती लवकर विरतं त्यावरून अवमंदन. या एका दुपारच्या कामाला मी आठवडाभराच्या सिम्युलेशनपेक्षा जास्त मानतो.

नंतर इकडे ये. दिवाळीपर्यंत इथल्या भारजा नदीचं पाणी निवळतं. उधाणाला नको, अष्टमीच्या सुमारास भांगाला ये. भरती पुरी होऊन पाणी थबकतं तेवढ्या वेळात होडीने यंत्र एकटं ओढून स्प्रिंगचा काटा वाच. ओहोटी लागली की होडी नांगरून एका जागी थांब. केबल सोडत जा आणि दर दहा मीटरला पुन्हा वाच. मुखाशी वाळू जागा बदलते, तेव्हा नांगर होडीचा तांडेल सांगेल तिथेच टाकायचा, त्यात वाद नाही.

नवी केबल तोवर घेऊ नकोस. घेशील ती पातळ आणि पाण्यात ना बुडणारी ना वर येणारी अशी बघ. टाकीतले आकडे एकही न गाळता पाठव, विचित्र आलेले तर आधी.

तुझा,
मामा