औषधाचा मार्ग

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. तंजावरच्या अशा छत्रांतून आजारी वाटसरूंस औषध व पथ्य देण्याची सोय असे. त्या काळी औषध बहुधा पोटात घेतले जाई किंवा लेपाने लावले जाई. आता ते स्नायूत, त्वचेखाली वा थेट शिरेतही दिले जाते. मार्ग चुकला तर योग्य औषधही घातक ठरते. स्नायूत द्यावयाचे दुधाळ बेन्झाथिन पेनिसिलिन शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून परिचारिकेने रुग्णाचे नाव, औषध, मात्रा व वेळ यांइतकीच मार्गाचीही खात्री करून घ्यावी. तोंडाने द्यावयाचे पातळ औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये कधीही भरू नये. घाईत ते शिरेच्या नळीला जोडले जाते. तक्त्यावर मार्ग लिहिलेला नसेल, तर अंदाज न बांधता थांबावे व डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा.