दंडाची पावती आणि तिचा अर्थ

म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ल्याचे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे, अशोक रस्त्यावरील दुकानांची गर्दी आणि थोड्याच अंतरावर, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव धारण करणारा रस्ता या खुणांनी हा परिसर ओळखला जातो. दसऱ्याची प्रसिद्ध मिरवणूक त्याच सयाजीराव रस्त्यावरून जाते. एरवी मात्र या भागात राज्य असते ते स्कूटरींचे, रिक्षांचे आणि बसगाड्यांचे.

अशा या वस्तीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. कुटुंबप्रमुख नोकरीतील बदलीमुळे कोल्हापूरहून येथे आलेले आहेत. त्यांची स्कूटरही सोबत आली आहे. सुट्टीत आलेला त्यांचा सतरा वर्षांचा पुतण्या एके संध्याकाळी म्हणतो, "काका, स्कूटरवरून कोपऱ्यावरचं दूध घेऊन येतो." काका वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "लवकर ये." वाटेत दोन मित्र भेटतात आणि तिघेही ट्रिपल सीट निघतात. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. चौकात हवालदार हात दाखवतो.

हे कुटुंब काल्पनिक असले, तरी कायदा काल्पनिक नाही. या छोट्याशा फेरीत किती अपराध घडले आणि त्यांची जबाबदारी कोणाकोणावर येते, हे पाहिल्यास वाहतुकीच्या दंडाचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र आपल्याला समजून घेता येईल.

कायद्याची घडण

मोटारगाड्यांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्यानंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. ज्या अपराधास वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यास या कायद्याने पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. पुढील तीस वर्षांत वस्तूंच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. शंभर रुपये मात्र शंभरच राहिले, आणि ज्या दंडाची कोणास झळ पोहोचत नाही, तो हळूहळू रस्त्यावरील एक किरकोळ खर्च होऊन बसतो. २०१९ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. १ सप्टेंबर २०१९ पासून वाढीव शिक्षा लागू झाल्या व शंभराचे पाचशे झाले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. संसदेने केलेला कायदा अपराधाची शिक्षा सांगतो. पण अनेक अपराध न्यायालयात न जाता जागेवरच मिटवता यावेत, यासाठी कलम २०० अन्वये राज्य शासनाला तडजोडीची रक्कम ठरविण्याचा अधिकार आहे. म्हणूनच राज्याराज्यांत दर वेगवेगळे आढळतात. हेल्मेट न घालण्याबद्दल कायद्यात एक हजार रुपये दंड आहे. कर्नाटक शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये तडजोडीसाठी तो पाचशे रुपयांवर आणला. महाराष्ट्राने ही वाढ काही काळ लांबणीवर टाकली आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपले दर जाहीर केले. लागू होतो तो अपराध जेथे घडला त्या राज्याचा दर. गाडीच्या पाटीवर कोणत्या राज्याची अक्षरे आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही. वाहन चालविण्याचा परवाना मात्र कोठेही काढलेला असला, तरी सर्व भारतात चालतो. गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर तेथील नोंदणी-क्रमांक घ्यावा लागतो. बदलीवर गेलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या हे ध्यानातच येत नाही.

चलान म्हणजे काय?

हाती पडलेले चलान हा न्यायालयाचा निकाल असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. चलान हा एक आरोप असतो आणि त्याच्या जोडीला बहुधा तडजोडीचा एक प्रस्ताव असतो. तो मान्य करून रक्कम भरल्यास खटला चालत नाही. मान्य नसल्यास नागरिकाला न्यायालयापुढे आपली बाजू मांडता येते आणि अपराध सिद्ध करण्याची जबाबदारी तेव्हा सरकार पक्षावर असते.

म्हणून चलान हाती येताच चार गोष्टी वाचाव्यात : गाडीचा क्रमांक आपलाच आहे काय, स्थळ व वेळ बरोबर आहे काय, कोणते कलम लावले आहे, आणि रक्कम त्या कलमाशी जुळते काय. यंत्राने टिपलेल्या अपराधांबाबत २०२१ साली केंद्र शासनाने नियम केले. त्यांनुसार यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते, ते बसविल्याची सूचना देणारे फलक रस्त्यावर लावावे लागतात आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते. अशी सूचना जाते ती गाडीच्या मालकाकडे. त्या वेळी गाडी दुसरा कोणी चालवीत असेल, तर चालकाचे नाव व पत्ता सांगणे हे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे.

परवाना, नोंदणी-प्रमाणपत्र, विमापत्र ही कागदपत्रे शासनमान्य पद्धतीने भ्रमणध्वनीवर दाखविली तरी चालतात, अशी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली. रोख रक्कम दिल्यास तिची पावती मिळालीच पाहिजे. पावतीशिवाय दिलेल्या पैशाला दंड म्हणत नाहीत. त्याचे नाव निराळे आहे आणि तो देणाराही अपराधात वाटेकरी होतो.

एका फेरीतील अपराध

आता आपल्या स्कूटरकडे वळू. दुचाकीवर चालकामागे एकाच व्यक्तीस बसता येते. ट्रिपल सीट जाण्याबद्दल कलम १९४-ग अन्वये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा आहे. हेल्मेटबाबत कलम १९४-घ मध्ये तेवढीच शिक्षा सांगितली आहे. परवान्याशिवाय गाडी चालविल्यास पाच हजार, आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही पाच हजार. विम्याची मुदत संपलेली असेल, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यांतील पुष्कळ अपराध तडजोडीने मिटतात. पण मिटतात म्हणजे पुसले जातात, असे नव्हे. कायदा स्पष्टपणे सांगतो की, तडजोड झालेला अपराध पुढील वेळी 'आधीचा अपराध' म्हणून धरला जाईल, आणि परवाना निलंबित करण्याची कारवाई पैसे भरल्याने टळणार नाही. पाचशे रुपये भरून निश्चिंत झालेला चालक पुढे परवाना गमावून बसतो, तो याच कारणामुळे.

काही अपराधांना तर तडजोडीचे दारच बंद आहे. मद्यपान करून गाडी चालविणे हा त्यांतील एक. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सिग्नल तोडणे किंवा उलट दिशेने गाडी हाकणे धोकादायक रीतीने घडले, तर कलम १८४ लागते आणि तेही प्रकरण न्यायालयापुढे जाते.

दुसरा अपराध आपल्या कथेतील सर्वांत गंभीर होय. वय अठरा पूर्ण झाल्याखेरीज साधी स्कूटर चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी जी मुभा मिळते ती पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीपुरती, आणि तीही परवाना काढल्यावर. अल्पवयीनाने अपराध केल्यास कलम १९९-क अन्वये त्याचा पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले किंवा ते टाळण्याचा आपण पुरेपूर प्रयत्न केला होता, हे मालकाला स्वतः सिद्ध करावे लागते. ज्या काकांनी "लवकर ये" म्हटले, त्यांना असे म्हणता येणार नाही.

पावतीवर न लिहिलेली रक्कम

आणि हे सर्व झाले अपघात न घडल्यास! स्कूटरने एखाद्या पादचाऱ्यास जखमी केले असते, तर हिशेब फार मोठा झाला असता. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली जी भूमिका घेतली, तिचे सार असे : चालकापाशी वैध परवाना नव्हता, एवढ्यावरून जखमी माणसाची भरपाई सहसा बुडू नये. तथापि मालकाने निष्काळजीपणाने गाडी अशा हाती दिली हे विमा कंपनीने सिद्ध केल्यास, भरपाई देऊन ती रक्कम कंपनीला मालकाकडून वसूल करता येते. एका मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत अशा वसुलीत जाऊ शकते. दुधाच्या पिशवीची ती किंमत असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक शासनाने थकलेल्या दंडांवर पन्नास टक्के सवलत दिली, तेव्हा दंड भरण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या आणि पुढेही अशी सवलत पुन्हा देण्यात आली. शासनाची थकबाकी त्यामुळे वसूल होते, हे खरे. परंतु दंड म्हणजे सवलतीची वाट पाहून फेडावयाचे बिल, अशी समजूत रूढ झाली तर त्याचा मूळ हेतूच हरवतो. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. या माणसांना सवलतीची मुदत मिळाली नाही.

तेव्हा चलान हाती आल्यास ते नीट वाचावे. चूक आपली असेल तर रक्कम वेळेत भरून पावती जपून ठेवावी. चूक आपली नसेल तर भीड न बाळगता हरकत घ्यावी, कारण तो आपला हक्क आहे. पण चौकातील हवालदाराच्या आधी घराच्या उंबरठ्यावर एक चौक असतो, आणि तेथे उभे राहण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे. कोपऱ्यावरचे दूध पायी चालत जाऊनही आणता येते.