नोकरी, करिअर की कॉलिंग?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाचवीला एक सिस्टर शिकवायच्या. तुम्ही नन का झालात, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "मला कॉलिंग आलं." देवाकडे मोबाइल असतो का, यावर आम्ही अख्खी मधली सुट्टी भांडलो होतो!

तो शब्द परत भेटला तो आत्ता, थर्ड इयरला. प्लेसमेंटच्या मॉक इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं, "इंजिनिअरिंगच का?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. सर हसले. मग जरा लाज वाटून लायब्ररी गाठली.

1985 साली रॉबर्ट बेला आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन समाजावरच्या पुस्तकात कामाकडे बघण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. पहिली नोकरी, म्हणजे काम पगारासाठी, खरं आयुष्य घड्याळात सहा वाजल्यावर. दुसरी करिअर, म्हणजे आजची खुर्ची फक्त पुढच्या खुर्चीसाठी. तिसरी कॉलिंग, म्हणजे कामच आपलं वाटतं. 1997 मध्ये एमी रेझनेस्की (स्पेलिंग विचारू नका) आणि तिच्या सहकाऱ्यांनी 196 नोकरदारांना अशा तीन माणसांची वर्णनं वाचायला देऊन विचारलं, यातला तुमच्यासारखा कोण? आपल्याला वाटतं डॉक्टर म्हणजे कॉलिंग आणि क्लार्क म्हणजे नोकरी. पण त्यात एकाच हुद्द्याच्या 24 ऑफिस असिस्टंट होत्या, आणि त्याही तीन गटांत जवळपास सारख्याच विभागल्या गेल्या. टेबल तेच, फायली त्याच!

पुढे तिने जेन डटनबरोबर हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांचा अभ्यास केला. काही जण म्हणाले, फरशी पुसतो, बस. काही जण मात्र पेशंटशी बोलायचे, नर्सच्या कामाच्या वेळा बघून आपलं काम बसवायचे. यातलं कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच कामाचा आकार बदलण्याच्या या प्रकाराला त्यांनी 2001 मध्ये 'जॉब क्राफ्टिंग' हे नाव दिलं.

मराठीत कॉलिंगला शब्द शोधला. आजी म्हणाली 'ओढ', मराठीच्या मॅडम म्हणाल्या 'व्रत'. दोन्ही थोडे थोडे चुकतात. जर्मनमध्ये मात्र व्यवसाय आणि बोलावणं या दोन्हींना 'बेरूफ' हा एकच शब्द आहे. लूथरच्या बायबलमधून त्याला हा अर्थ आला, आणि मॅक्स वेबरने 1904-05 मध्ये त्यावर पानंच्या पानं लिहिली. आपल्याकडे शब्द नसला तरी माणूस आहे. तेराव्या शतकातले अरणचे सावता माळी. पंढरपूर फार लांब नाही, तरी ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, विठ्ठल त्यांना भाजीतच दिसायचा, अशी कथा आहे.

इथपर्यंत वाचून मी भारावले होते. मग 2009 चा बंडरसन आणि थॉम्पसन यांचा प्राणीसंग्रहालयातल्या कीपर्सवरचा अभ्यास हाती आला आणि जमिनीवर आले. ही माणसं बहुतेक पदवीधर, पगार कमी, काम घाण उपसण्याचं, तरी सोडत नाहीत. ज्यांना कॉलिंग वाटतं ते पगार, आराम, सगळ्यावर पाणी सोडायला तयार असतात. आणि आपल्या याच प्रेमाचा मॅनेजमेंट फायदा तर घेत नाही ना, ही शंकाही त्यांच्यात जास्त असते. मला वाटतं ती शंका रास्त आहे. 'हे तर सेवेचं काम' असं म्हणत कमी पैशात राबवून घेणं आपल्यालाही नवीन नाही.

मेसमधल्या मावशींना विचारलं, "लॉटरी लागली तर हे काम सोडाल?" पोळी उलटत म्हणाल्या, "आजच!" मग थांबून, "पण त्या नवीन पोरीला आधी शिकवीन. तिच्या पोळ्या कोण खाणार?" आता मावशींना कुठल्या रकान्यात घालू?

पप्पांनाही फोन केला. ते फिटर आहेत, सव्वीस वर्षं शिफ्ट करतात. म्हणाले, "अगं, तुझी फी भरली जाते, झालं. नोकरी आहे ती." मी गप्प. मग तेच म्हणाले, "मात्र माझ्या शिफ्टला मशीन बंद पडलं ना, की जेवण जात नाही." वीस वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी स्वतःला मार्क दिले. कोडिंग: सरळसरळ नोकरी. एकच गोष्ट मी कोणी न सांगता करते, ती म्हणजे ज्युनिअर्सना एम-थ्री शिकवणं. लाप्लास ट्रान्सफॉर्म कळल्यावर एखादीचा चेहरा उजळतो ना, तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले कळत नाहीत. पण शिकवण्याच्या नोकरीतून एज्युकेशन लोनचा हप्ता निघेल का, हा हिशोब दोनदा केला आणि दोन्ही वेळा वही मिटली. पप्पांना हे अजून बोलले नाहीये.

प्लेसमेंटचा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय, आणि भरणारही आहे. बाकी एम-थ्रीवाल्या पोरींनो, आज साडेनऊला स्टडी रूममध्ये. वही आणा, मागच्या वेळी तिघींनी आणली नव्हती.