दोघांनी मोजलेला पैसा

शास्त्रपाठ : २ राजे १२:४-१५, २ करिंथ ८:१८-२१

योआश राजाचे तेविसावे वर्ष उजाडले तरी मंदिराची डागडुजी झाली नव्हती; पैसा मात्र याजकांकडे जमत होता. मग यहोयादाने झाकणाला भोक पाडून एक पेटी वेदीजवळ ठेविली. ती भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून रक्कम मोजीत.

पुढे कामावरील मुकादमांकडे हिशेब मागितला नाही, असे पंधरावे वचन सांगते. आपल्या बांधकाम कमिट्यांना हे वचन तोंडपाठ असते, दहावे नसते!

आम्हा बेळगावकरांस ठाऊक असलेला कर्नाटकाचा १९९९ चा पारदर्शकता कायदा सरकारी कामांची निविदा जाहीर करावयास व आधी ठरविलेल्या कसोट्यांवरच पारखावयास लावतो. मंडळीला तो लागू नाही. आमच्याकडे छपराचे काम निविदेवाचून कमिटीतील एकाच्या मेहुण्याला दिले. काम चोख झाले, माणूस प्रामाणिक. तरी दोन घराण्यांनी वर्गणी थांबविली, आणि त्या बिचाऱ्यावरचा संशय अद्याप फिटलेला नाही. पौलाने तीतासोबत मंडळ्यांनी नेमलेला बंधू का पाठविला, हे यावरून उमजते.

चर्चेसाठी : आपल्या मंडळीत मागील दुरुस्तीची दरपत्रके कोणी, कोणासमक्ष उघडली?