गंजीत हात खोलवर घाल

बेटा, तुझ्या खोलीतली पुस्तकांची गंजी पाहून आलो. २०२३च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा स्वावलंबीच्या मैदानावरून तू पिशव्या भरभरून आणल्या होत्यास. त्याच दिवसांत वर्ध्यातच विद्रोही संमेलनही होतं, तिथलीही भर पडली. त्यातल्या कित्येकांचं प्लास्टिकही निघालं नाही अजून. निघेल. त्याचं ओझं घेऊ नको. मी बोलणार आहे ते फक्त पुढचं कोणतं उचलायचं यावर.

कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात मी इथल्या केंद्रावर ग्रेडर होतो, तुला माहीत आहे. हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात पार विलायतेच्या बाजारात होतं, त्यामुळे इथल्या माणसाला कापसातलं कळतं असं बाहेरचे गृहीत धरायचे. बंडी समोर आली की वर पांढराशुभ्र कापूस दिसायचा. तिथला कापूस आम्ही घ्यायचो नाही. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधून मूठभर काढायचा, ओलावा चाचपायचा, कवडी आणि पाल्याचा कचरा किती ते पाहायचं, मग दोन्ही चिमट्यांत धरून ओढायचं आणि धाग्याची लांबी बघायची. मग प्रत सांगायची. पुस्तकाचंही तसंच कर. मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो. पहिलं पान लेखकाने दहादा घासलेलं असतं. प्रस्तावना तर बहुतेकदा दुसऱ्याचीच. तेव्हा एक तृतीयांश पुस्तक सोडून मधेच उघड आणि उभ्या उभ्या दोन पानं वाच. तिसरं पान वाचावंसं वाटलं, तर घेऊन बस. नाही वाटलं तर परत ठेव, पण गंजीच्या तळाशी नको. आज न रुचलेलं पुस्तक चार महिन्यांनी रुचतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

ग्रंथालयाचं पुस्तक घरात असेल तर ते आधी. त्याला तारीख असते आणि मागे कोणीतरी नंबर लावून बसलेलं असतं. कोणी भेट दिलेलं असेल आणि तो माणूस दिवाळीला घरी येणार असेल, तर तेही लवकर उरक. नाहीतर चहाबरोबर खोटं बोलावं लागतं. दिवाळी अंकांचं मात्र वेगळं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस अंक जास्त घेतो आणि वाचतो कमी. होळीपर्यंत जे वाचून झालं ते झालं. उरलेले अंक शेजारी देऊन टाक, गंजी निम्मी होते.

आता महत्त्वाचं. काही पुस्तकं रांगेत उभीच करायची नसतात. ‘गीता प्रवचने’ तुझ्याकडे आहे, त्यावर धूळ बसली आहे. विनोबांनी ती प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात दिली, १९३२च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा. साने गुरुजी ती उतरवून घेत होते. ऐकणाऱ्यांना मधले सहा दिवस मिळत होते, ते तुलाही मिळू देत. रविवारी एक प्रवचन, बाकीचे दिवस दुसरं काहीही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्यांच्या हिशेबाने लिहिलेलं आहे, तेव्हा ज्या महिन्यात बसली असशील तोच लेख काढ. एका बैठकीत संपवलंस तर वर्षभराचं जेवण एका दुपारी जेवल्यासारखं होईल. अशी पुस्तकं उशाशी ठेवायची. गंजीत ठेवलीस तर ती कायम पुढच्या वेळेची होऊन बसतात.

ऋतूही पाहत जा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी कूलरपुढे जाड कादंबरी छातीवर पडते आणि आपण झोपतो. त्या दिवसांत लहान लेख, लहान चरित्रं. मोठी कादंबरी पावसाळ्यात, झड लागते तेव्हा. सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या घरी कोणाला सलग तासभर मिळत नसे, तेव्हा मी ‘माणदेशी माणसं’ काढायचो. एक माणूस वाचायचा, दिवा मालवायचा. नागपूरच्या गाडीत बसताना मात्र अवघड पुस्तक घे. तिथे उठून जायला जागा नाही.

आणि लोक सांगतात तसं ‘आता जरा वेगळं वाचावं’ म्हणून दर वेळी विषय बदलू नको. दोन पुस्तकं एकमेकांना बोलती कर. ‘मृत्युंजय’ वाचून कर्णाने भारावलीस ना? लगेच इरावतीबाईंचं ‘युगान्त’ घे. दोन्ही १९६७चीच. कर्ण तोच, पण बाई त्याला जराही लाडावत नाहीत. पहिल्याची धुंदी असतानाच दुसरं वाचलं तर खरी मजा. वर्षाने वाचलंस तर भांडण कशावरून होतं तेच आठवणार नाही. म्हणून पुढचं पुस्तक निवडताना गंजीकडे पाहण्याआधी, नुकतंच मिटवलेलं पुस्तक आठव. त्यात काय खटकलं, कोणता प्रश्न तसाच राहिला? उत्तर देणारं किंवा वाद घालणारं काही गंजीत असेल, तर तेच पुढचं.

तुझ्या बाबतीत मी एवढं पाहिलं की सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आत्ताच संपवली आहेस, पेन्सिलीच्या खुणाही ताज्या आहेत. बुलढाण्याकडची शेती, शिकून घरी बसलेला एकनाथ, घरातली रोजची कचकच. मग तिसऱ्या थरात उद्धव शेळक्यांची ‘धग’ दबली आहे, ती काढ. १९६०ची आहे. शेती नाही तिच्यात, शिंप्याचं घर आहे. पण संसार ओढताना कौतिक जे बोलते ती आपली वऱ्हाडी आहे, तुझ्या पणजीच्या तोंडची. एखादा शब्द अडला तर मला विचार, शब्दकोशात नाही सापडायचा. वरची सहा पुस्तकं आधी खाली उतरव, नाहीतर सगळी थप्पी अंगावर येईल.